नाचणाऱ्या शिरोरेषा आणि आमचा ठराव

पत्रकाची पहिली ओळ कशी लिहायची हे मला संघटनेत शिकवलं. कोणावर अन्याय झाला, कधी आणि कुठं. बाकी सगळं त्याच्यानंतर. तर अन्याय झाला आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट ताईवर, एकोणीसशे शहाण्णवच्या नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, सांगलीत स्टेशनच्या बाजूला आमच्या दोन खोल्यांत. करणारा कोणी कारखानदार किंवा सरकारी साहेब असता तर हे पत्रक मी त्याच आठवड्यात छापलं असतं. करणारे आम्ही होतो. आणि ज्या वस्तूवरून झालं ती मी माझ्या हातानं बसवली होती, म्हणून माझा वाटा सगळ्यांत मोठा.

ती वस्तू म्हणजे कॉम्प्युटरचं डिस्प्ले कार्ड. वीतभर लांबीची हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपा. कॉम्प्युटरच्या डोक्यात काय चाललंय ते स्क्रीनवर काढून दाखवायचं काम ह्या पट्टीचं.

आमची संघटना सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांतली. यंत्रमागवाले, हमाल, वीटभट्टीवाले असे लोक. दर पंधरवड्याला चार पानांचं पत्रक काढायचो. मजकूर आम्ही पोरं लिहायचो आणि टाइप ताई करायची. ती कुंडलची, बौद्ध घरातली, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली. सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं जायची. वयानं माझ्याएवढीच, पण मला दादा म्हणायची आणि मी तिला ताई. संघटनेत सगळेच एकमेकांना असं म्हणतात. म्हणायला काही लागत नाही.

त्या वर्षी एका ऑफिसानं नवे कॉम्प्युटर घेतले आणि त्यांचा एक जुना आम्हाला दिला. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं कळायची, तीही हिरवीगार, काळ्या स्क्रीनवर. मराठी पान त्यावर लावता येईना. पान लावायचं सॉफ्टवेअर चालायला रंगीत डिस्प्ले कार्ड लागायचं आणि मशीन इतकं जुनं की दुकानदार बघून हसायचे. एकजण म्हणाला, भंगारात घाला आणि त्या पैशाची भेळ खा.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा अर्धा सोडून संघटनेत आलेला. मला ते हसणं लागलं. एका मित्राच्या दुकानातून कोणाच्या तरी मशीनमधून काढलेलं कार्ड आणलं आणि त्याच्या जोडीचा जुना चौदा इंची मॉनिटर. जुनं कार्ड उपसलं, नवं खाचेत बसवायला गेलो तर त्याच्या मागची पत्र्याची पट्टी डब्याला अडायला लागली. कानस घेऊन पट्टी घासली. मग कार्डाचं दुसरं टोक हार्ड डिस्कच्या वायरीला टेकायला लागलं. हार्ड डिस्क एक घर खाली सरकवली, एकाच स्क्रूवर. बटण दाबलं तर स्क्रीन काळी आणि आतून शिट्ट्या, एक लांब आणि दोन आखूड. म्हणजे मशीन सांगत होतं की मला डिस्प्ले सापडत नाही. ताई शेजारी उभी राहून बॅटरी धरत होती. म्हणाली, "दादा, ते वराडतंय कशाला एवढं?" शेवटी मदरबोर्डवर एक बारकी टोपी सापडली, जंपर म्हणतात तिला. ती एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर घातली की मशीन समजतं, आता हिरवा डिस्प्ले गेला, रंगीत आला. घातली आणि स्क्रीन उजळली. ताईनं टाळ्या वाजवल्या. हे मला आठवतं आणि नको वाटतं.

आमचे अध्यक्ष मेढ्याकडचे. फौजेतून रिटायर झालेले, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. साताऱ्याहून खास मशीन बघायला आले. पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "मेलेलं उठीवलंस की गड्या." त्या गुद्द्यानं माझं डोकं फिरलं असं मी आज म्हणतो.

कारण मशीन चालू होतं तेवढ्यावर मी थांबलो नाही. सुरुवातीच्या मोडमध्ये, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायच्या साध्या पद्धतीत, पानाचा एक कोपरा दिसायचा, बाकीचं बघायला पान वर-खाली सरकवावं लागायचं. ताईची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. कार्डाबरोबर मिळालेल्या फ्लॉपीत आणखी एक मोड होता, बारीक ठिपक्यांचा. तो चढवला आणि अख्खं पान स्क्रीनवर मावलं, वाचता येईल असं. सांगलीतल्या बऱ्याच नव्या मशीनवर असं दिसत नव्हतं. जो ऑफिसात येईल त्याला मी खुर्चीत बसवून दाखवायचो. ताई उठून भिंतीला टेकून उभी राहायची, त्याचं बघून होईपर्यंत.

दोन-चार दिवसांनी तिनं मला सांगितलं, "दादा, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ नाचतीया."

मला कारण तेव्हाच माहीत होतं. स्वस्तातलं जुनं कार्ड आणि जुना मॉनिटर ह्यांना एवढे ठिपके एका दमात काढणं झेपत नाही. मग ते लबाडी करतात. एका फेरीत पहिली, तिसरी, पाचवी अशा आडव्या ओळी काढतात आणि दुसऱ्या फेरीत मधल्या. चित्रात किंवा इंग्रजी अक्षरात हे फारसं जाणवत नाही. पण आपल्या प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असते आणि बारीक मजकुरात ती एकाच ओळीएवढी जाड असते. ती ओळ एका फेरीला असते आणि पुढच्या फेरीला नसते. पानभर मजकूर म्हणजे पानभर फडफडणाऱ्या रेघा. हे कार्ड बनवणाऱ्यांनी आपली अक्षरं डोळ्यांसमोर ठेवली नव्हती. त्यांचा दोष नाही. मी ठेवायला हवी होती.

मी तिला सांगितलं, उजेड कमी कर, लांब बस, सवय होईल.

सवय झाली नाही. डोकं धरायला लागलं. दुपारनंतर ती एक डोळा झाकून टाइप करायची. एकदा परतीच्या एसटीत उलटी झाली, तेव्हा शेजारच्या बाईनं तिला भलतंसलतं विचारलं, म्हणे कितवा महिना. तिनं हे हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. मग ती मिरजेला जाऊन डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, डोळे एकदम चांगले आहेत, नंबर नाही, काही नाही. आता सरळ डोकं असलेला माणूस काय म्हणेल? डोळे चांगले आहेत म्हणजे दोष समोरच्या वस्तूत. आम्ही म्हणालो, डोळे चांगले आहेत म्हणजे बाई नाटक करते.

ती सगळं मुकाट सोसत का होती, तेही सांगायला पाहिजे. विश्रामबागेत एका डीटीपीवाल्याला माणूस हवं होतं. मराठीत पानं लावणारं, कॉम्प्युटरवर काही महिने काढलेलं. पगार आमच्यापेक्षा पुष्कळ बरा आणि वर्षभर काम. डिसेंबरात घेतो म्हणाला होता, पण आधी तुमच्या ऑफिसात चौकशी करीन, हेही म्हणाला होता. म्हणजे तिची ती नोकरी आमच्या तोंडात होती. तिच्या घरात खुर्चीवर बसून पगारी काम करणारं तिच्याआधी कोणी नव्हतं. तेव्हा आम्हाला दुखवणं तिला परवडणारं नव्हतं आणि तरी तिनं तक्रार लावून धरली, ह्यावरूनच कळायला पाहिजे होतं की तिला किती त्रास होत होता.

आमच्याकडे कुठल्याही भांडणाचा निकाल बैठकीत लागतो. विषय मांडायचा, चर्चा करायची, हात वर करायचे, ठराव लिहायचा. चांगली पद्धत आहे, मी अजून मानतो. त्या रविवारी सातारची मंडळी आली होती. विषय होता, मशीनची स्क्रीन हलते का.

आज लिहिताना लाज वाटते. स्क्रीन हलते का हे आम्ही मताला टाकलं.

एकेकानं खुर्चीत बसायचं, दोन मिनिटं बघायचं आणि उठायचं. पान मी लावलं होतं, अंकाचं पहिलं पान. वर अंगठ्याएवढा मथळा, यंत्रमागाच्या आवाजानं कामगारांचे कान जातात त्याबद्दलचा, खाली मजकूर थोडाच. जाड अक्षराची शिरोरेषा चार-पाच ओळींची असते. एक विझली तरी शेजारची पेटलेली असते, म्हणून ती स्थिर दिसते. नाचते ती आतल्या बारीक मजकुराची. आतलं पान मी लावलं नाही. मुद्दाम लावलं नाही की सवयीनं पहिलं पान लावलं, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही.

लोक बसले, उठले. यंत्रमागावरचा एकजण म्हणाला, "आमच्या मागाफुडं बस म्हणावं, मग कळंल हालणं काय असतंय." हशा झाला. कोणीतरी मागून बोललं, "ह्यांना कितीबी द्या, तक्रार हायच." ह्यांना म्हणजे कोणाला, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही. खोलीत तिच्या वस्तीतलं दुसरं कोणी नव्हतं आणि तिला मत नव्हतं. ती पगारी होती, सभासद नव्हती. मत द्यायला सभासद लागतो, असा आमचा नियम.

आबा म्हणाले, "आता मेजॉरिटी काय म्हणती बघू. स्क्रीन ठीक हाय म्हणणाऱ्यांनी हात वर."

मी बाजूला दाराशी उभा होतो. स्क्रीनकडे सरळ बघत नव्हतो, आबांकडे बघत होतो. डोळ्याच्या कडेनं माणसाला हलणं जास्त दिसतं. मला त्या कडेनं मथळ्याखालचा मजकूर थरथरताना दिसला, चांगला दिसला. मी हात वर केला. मशीन मी उठवलेलं. ते खोटं ठरतंय असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

ताई जागेवरूनच बोलली, आवाज न चढवता. "तुमी दोन मिन्टं बसला. मी सकाळपासनं बसते. हात वर करायच्या आदी एक बातमी टाइप करून बघायची हुती की."

आबा म्हणाले, "फैसला झालाय पोरी. आता ह्यावर बोलायचं न्हाई." आणि पुढचा विषय घेतला.

तिनं महिना पुरा केला. त्या महिन्यातला एकही अंक उशिरा निघाला नाही. मग तिनं काम सोडलं. मला वाटलं विश्रामबागेची जागा मिळाली असेल.

त्याच सुमारास तो डीटीपीवाला मला विश्रामबागेच्या चौकात भेटला. चहा घेता घेता त्यानं तिच्याबद्दल विचारलं. मी जे बोललो ते शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण बोलताना मला ते फार तोलून-मापून बोलल्यासारखे वाटले होते. "कामाला चांगली हाय," मी म्हणालो, "पण तक्रारी लय." त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या गोष्टी काढल्या. तेवढ्यावर तिची नोकरी गेली. मला कळलं ते पुढच्या महिन्यात.

दरम्यान पत्रक निघायला पाहिजे होतं. टायपिस्ट नव्हती, तर मीच बसलो. मजकूर आतल्या पानाचा, बारीक. दुपारच्या जेवणापर्यंत माझ्या कपाळात खिळा मारल्यासारखं झालं. जेवण गेलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं थरथरत होती, पत्र्यावर रंगवलेली अक्षरं.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सेटअपमध्ये गेलो, बारीक ठिपक्यांचा मोड काढला, मधला घातला. फ्लॉपी आत, मशीन बंद, मशीन चालू. खालून मागवलेला चहा वर यायच्या आत झालं. पान अर्धंच दिसायला लागलं आणि रेघा थांबल्या. गप्प, सरळ, वहीत आखल्यासारख्या.

मी रडलो वगैरे नाही. मला राग आला आणि तो राग कोणावर काढायचा ते कळेना.

साताऱ्याला गेलो आणि आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणालो, ठराव मागं घेऊ, तिला परत बोलावू आणि आपलं चुकलं असं पत्रकात छापू. आबा म्हणाले, आधी मला बघू दे. पुढच्या खेपेला सांगलीत आले तेव्हा मी मोड परत बारीक ठिपक्यांचा केला आणि त्यांना आतलं पान वाचायला बसवलं. नेटानं तासभर बसले. मग चष्मा काढला आणि टॉवेलानं डोळे पुसत राहिले. मला वाटलं, झालं काम.

"खरं हाय तिचं," ते म्हणाले. "पण छापायचं न्हाई. मालक लोक उद्या हाच कागद नाचवतील. दुसऱ्याला शिकवताय आन् तुमच्याच हापिसात हे चालतंय म्हणतील."

"आवं आबा, चालतंयच की."

"म्हणून छापायचं न्हाई," ते म्हणाले.

बैठकीत विषय मांडला. पडला. हात मोजून पडला.

ताईला शोधत कुंडलला गेलो. घरच्यांनी सांगितलं की ती तासगावला कोर्टाबाहेर वकिलांचे कागद टाइप करते. लिंबाखाली टेबल, जुना टाइपरायटर, अंगावर स्वेटर. मला बघून खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. पान कुठलं लावलं होतं ते, हात वर केला ते, चौकातला चहा. ती टाइप करतच होती. पक्षकार समोर उभा होता, त्याला घाई होती. तो गेल्यावर म्हणाली, "रेघा थांबल्या म्हणता?"

म्हणालो, थांबल्या.

"किती वेळ लागला?"

सांगितलं. तिनं रोलरवर नवा कागद चढवला, कार्बन सारखा केला. माझी माफी ऐकून ती म्हणाली, "दादा, मला हितं झाडाखाली सांगून काय उपेग? इश्रामबागेत बोलला तवा मी हुते का तिथं? जिथं बोलला तिथं जाऊन बोला. आन् छापा. लोकांचं छापता तसंच छापा." मग पुढच्या माणसाला तिनं विचारलं की अर्ज किती प्रतींत पाहिजे.

विश्रामबागेत गेलो. डीटीपीवाल्याला म्हणालो, मी सांगितलं ते खोटं होतं, ती तक्रार खरी होती आणि दोष मशीनचा होता. तो हसला. म्हणाला, मग तेव्हा का बोललात? जागा भरली, आता काही होणार नाही, हेही त्यानं सांगितलं.

जागा भरली होती ती मुलगी कोपऱ्यात बसली होती. जुनंच मशीन, आत बारीक ठिपक्यांच्या मोडमध्ये टाकलेलं कार्ड, समोर अख्खं पान. मी दारातून बाजूनं बघत होतो आणि तिच्या स्क्रीनवर ओळन् ओळ थरथरत होती. ती एक डोळा बारीक करून टाइप करत होती. मी मालकाला म्हणालो, हा मोड खाली, मधल्यावर आणा, माणसाचं डोकं फुटतं ह्यानं.

"ती कवा काय बोलत न्हाई," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी सांगितलंय तिला, आधीची कशापायी घेतली न्हाई ते."

तिनं मान वर केली नाही.

म्हणजे माझे ते चार शब्द एका बाईची नोकरी घेऊन थांबले नव्हते. दुसरीचं तोंड बांधून त्या खोलीत बसले होते. मी तिथंच मोड बदलून देतो म्हणालो. मालक म्हणाला, अर्धं पान दिसलं तर माझं गिऱ्हाईक उभं राहून बघणार काय? त्यानं मला दाराबाहेर काढलं नाही एवढंच.

मी अजून त्याच संघटनेत आहे. यंत्रमागवाल्यांच्या कानांचं काम अजून करतो आणि ते काम खरं आहे. आमच्या पत्रकानं हे छापलं नाही म्हणून इथं छापायला दिलं आहे. ताईला अंक पाठवणार आहे. तिनं तो वाचावा असा माझा हट्ट नाही.

आता तुमचं. तुमच्या ऑफिसात, छापखान्यात, सोसायटीत, संघटनेत जुन्या मशीनला दुसरं कार्ड चढवून कोणाला मराठी टाइप करायला बसवलं असेल, तर उद्या सकाळी त्या खुर्चीत तुम्ही बसा. बारीक मजकुराचं पान घ्या आणि दुपारपर्यंत स्वतः टाइप करा. बैठक बोलावू नका, मत घेऊ नका. अर्धं पान दिसलं तर दिसू द्या, मोड खाली आणा. आणि नोकरीला आलेल्या कोणाबद्दल कोणी तुम्हाला म्हणालं की कामाला चांगली पण तक्रारी फार, तर त्याला तिथंच थांबवा आणि विचारा की कशाबद्दलच्या तक्रारी. तो मी असलो तरी विचारा.